पाणी किती वाजता मोजलंत?

विहिरीतलं पाणी मोजायला फार काही लागत नाही. वजन लावलेली पोलादी टेप आणि शाळेतला खडू. टेपेच्या खालच्या टोकाला हातभर खडू घासायचा, टेप विहिरीत सोडायची, टोक पाण्यात बुडाल्याचा आवाज आला की थांबायचं, काठाशी आलेला आकडा वाचायचा आणि टेप वर ओढायची. खडू जिथवर धुतला गेला तिथवर पाणी. काठाच्या आकड्यातून ओला भाग वजा केला की पाणी किती खोल आहे ते कळतं. हे काम मी अकरा वर्षं सरकारी रोजंदारीवर केलं आणि नंतर पंचविसेक वर्षं स्वतःच्या हिमतीवर. बाकी कुठे चुकलो ते मला माहीत नाही. पाच विहिरींवर चुकलो ते माहीत आहे.

माझा धंदा काय, हे घरच्यांनाही नीट सांगता येत नाही. मुलीची सोयरीक ठरत होती तेव्हा पाहुण्यांनी विचारलं, वडील काय करतात? बायकोने सांगितलं, "दगडाचं काहीतरी." पाहुणे समजले मी मूर्ती घडवतो.

तर दगडाचं काहीतरी म्हणजे असं. एखाद्याला माळावरचा काळा दगड फोडून खडी करायची असते. त्याला खाणपट्टा लागतो, म्हणजे अमुक जागेत, अमुक खोलीपर्यंत, अमुक वर्षं दगड काढायची परवानगी. त्यासाठी फाईल करावी लागते. जमीन कोणाची, किती खोल जाणार, धूळ कुठे जाणार, आसपास कोणाच्या विहिरी आहेत, त्यात पाणी किती खोल आहे, माळावर कोणते प्राणी राहतात, आणि दगड संपल्यावर त्या खड्ड्याचं काय करणार. ही फाईल छाननीला जाते. तिथे अधिकारी बसतात, प्रश्न विचारतात, अटी घालतात, आणि मग परवानगी मिळते किंवा लटकते. मी या फायलींसाठी रानात फिरतो. नगर जिल्ह्यातले बहुतेक खडीमाळ मी पायाखाली घातले आहेत. जिल्ह्याचं नाव बदलल्यावर वर्षभर प्रत्येक नकाशावर दोन्ही नावं लिहिली, म्हणजे कोणाचंच मन दुखायला नको.

फायलीवर सही मात्र माझी नसते. नियमाप्रमाणे सही नोंदणीकृत तज्ज्ञाची लागते. माझी पदवी बाहेरून परीक्षा देऊन मिळवलेली, चाळिशीच्या उंबरठ्यावर. ती नोंदणीला चालत नाही. म्हणून पुण्यातली एक कंपनी सही करते. कंपनीचे प्रमुख डॉक्टर आहेत, म्हणजे दगडांचे. माणूस सभ्य, इंग्रजी उत्तम. नगर जिल्हा त्यांनी बहुधा शिर्डीला जाताना गाडीच्या काचेतून पाहिला असावा. प्रत्येक अहवालाच्या सुरुवातीला 'अभ्यासात सहभागी तज्ज्ञ' असं एक पान असतं. त्यावर नऊ नावं असतात. नववं नाव नकाशात रंग भरणाऱ्या मुलीचं आहे. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही, रंग छान भरते. पण विहिरीच्या काठावर पोटावर पडून टेप सोडणाऱ्याचं नाव त्या नऊंत नाही. या गोष्टीचा मला राग आहे आणि तो गेला आहे असं मी कधी म्हटलेलं नाही.

राग ही माझी जुनीच गोष्ट. भूजलाच्या कार्यालयात माझ्याबरोबर रोजंदारीवर लागलेले चौघे कायम झाले. माझी वेळ आली तेव्हा साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. मी हजेरीपुस्तक त्यांच्या टेबलावर आपटलं. शाईची बाटली त्यांच्या शर्टावर सांडली. पुढचं वर्ष आलंच नाही. शर्ट पांढरा होता, हे मला आजही आठवतं.

आमच्या घरात पाण्याची माहिती वडिलांकडून आली. ते विहिरींवर सुरुंगाची भोकं पाडायचे, पहार आणि घण घेऊन. कुठे पाणी लागेल हे त्यांना दगडाचा रंग बघून कळे. त्यांनी खोदलेल्या काही विहिरींवर पाणी लागल्यानंतर त्यांना स्वतःला मात्र वरून ओंजळीत वाढून घ्यावं लागे. हे ते सांगायचे, पण चिडून नाही. चिडायचं काम त्यांनी माझ्यावर सोडलं.

घासाघीस आईकडून आली. ती कोल्हारच्या बाजारात मेथी विकायची. तिचा नियम होता, गिऱ्हाईक उठून चालू लागलं की हाक मारायची नाही. दहा पावलं जाऊ द्यायची. घ्यायचं असेल तर ते स्वतःच मान वळवतं. आणि आपण गिऱ्हाईक असलो तर आपण उठायचं आणि दहा पावलं चालायची, मागे न बघता.

लोकांना वाटतं आमच्या धंद्यात घासाघीस पैशांची असते. माझी घासाघीस मीटरची. मालकाला वीस मीटर खोल जायचं असतं. कार्यालय दहाच्या वर सहसा जाऊ देत नाही. मालकाला ओढ्याच्या काठापर्यंत जायचं असतं, कार्यालय म्हणतं मागे सरका. मधला आकडा काढणं हे माझं काम. त्यात मी हुशार आहे, हे सांगायला लाजत नाही. कागदावर पडलेला एकेक मीटर मी कोणाच्या तरी तोंडातून काढलेला आहे.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. पारनेरकडच्या एका मालकाच्या माळावर मोर होते. मोर असले की फाईल जड होते. तो म्हणाला, "लिहा की, मोर आमच्या आजोबांनी पाळलेत, घरचेच हायेत." मी म्हटलं, "तसं लिहिलं तर खाणीची परवानगी राहील बाजूला, मोर पाळल्याबद्दल तुम्ही आत जाल." त्याने विचार केला आणि म्हणाला, "मग आजोबांचं नाव टाका. ते वारलेत."

राहुरीजवळच्या दुसऱ्याने झाडं लावायची अट पुरी केली म्हणून तपासणी बोलावली. साहेब सकाळी यायचे ते दुपारी आले. पाहतो तर झाडांच्या चार रांगा, आणि सगळ्या रांगांनी माना टाकलेल्या. साहेबांनी एक झाड हळूच धरून उचललं. मुळं नव्हती. सकाळी लिंबाच्या फांद्या तोडून रोवल्या होत्या. मालक माझ्याकडे वळून म्हणाला, "साळवे, यांना सकाळी आनायचं तुमचं काम हुतं."

मी हसलो होतो. सकाळ आणि दुपार यांतल्या फरकावर तेव्हा हसलो, म्हणून ही गोष्ट इथे लिहिली.

आता त्या पाच विहिरी.

बापूराव नावाचा माझा जुना मालक. नगरजवळ त्याचा खडी फोडायचा क्रशर आहे, आणि त्याचा माळ संपत आला होता. त्याने पाथर्डी तालुक्यात एका गावाच्या वर नवा माळ बघितला. गावाचं नाव लिहीत नाही, गावाने काही वाईट केलेलं नाही. तिथून दर वर्षी दिवाळीनंतर निम्म्याहून जास्त माणसं ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. मागे राहतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि ज्यांच्या विहिरींना पाणी आहे असे थोडे बागायतदार. माळाच्या पायथ्याशी पाच विहिरी आहेत. चार शेतकऱ्यांच्या, एक गावाची पिण्याच्या पाण्याची. बापूरावाला पंधरा मीटर खोल जायचं होतं.

आमचा नियम असा की खाणीचा तळ जमिनीतल्या पाण्याच्या वरच राहिला पाहिजे, आणि मध्ये दोन मीटर कोरडा दगड हवा. खाली गेला तर काय होतं? काळ्या दगडाला भेगा असतात. पाणी त्या भेगांतून चालतं. खड्डा पाण्याखाली गेला की आजूबाजूचं पाणी उतार मिळेल तसं खड्ड्यात येतं. मालकाला दगड हवा असतो, पाणी नको असतं, म्हणून तो पंप लावून ते ओढ्यात सोडून देतो. खड्डा कोरडा राहतो आणि विहिरीही कोरड्या होतात. एवढं साधं आहे. सगळी फाईल एका आकड्यावर उभी असते, पाणी किती खोल आहे.

फेब्रुवारीत मी बापूरावाच्या जीपमधून गेलो. कंपनीला अहवाल आठवड्यात हवा होता. पोहोचेपर्यंत ऊन चढलं होतं. बाराच्या पुढे सुरुवात केली आणि चारपर्यंत पाचही विहिरी मोजल्या. आकडे तेरा मीटरच्या आसपास आले. माळ विहिरींपेक्षा चार मीटर उंच, म्हणजे माळावरून पाणी सतरा मीटरवर. तळ पंधरावर, मध्ये दोन मीटर. बरोबर बसलं. बापूराव खूश झाला. मला सोयीचा आकडा मिळाला म्हणून मीही खूश होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

प्राण्यांच्या पानावर मी ससा, मुंगूस, खार, घोरपड आणि दहा पक्षी लिहिले. हे पान मला पाठ आहे. माळावर फेरी मारली होती, पण उत्तरेच्या कोपऱ्यात ओढ्याच्या दरडीकडे गेलो नाही. जीप तिकडे जात नव्हती.

मार्चच्या शेवटी छाननीची बैठक झाली. डॉक्टर पुण्याहून आले, पडद्यावर चित्रं दाखवली. मी नेहमीप्रमाणे दाराजवळच्या खुर्चीत. भूजलाकडून एक नवीन अधिकारी आल्या होत्या, तिशीच्या आतबाहेरच्या. त्यांनी फाईल उघडून विहिरींचं पान काढलं. म्हणाल्या, "एकच प्रश्न आहे. पाणी किती वाजता मोजलंत?"

डॉक्टरांनी पानाकडे पाहिलं. त्या तक्त्यात तारखेचा रकाना असतो, वेळेचा नसतो. मग त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्या सगळ्या बैठकांत मी असतो तो असा, कोणीतरी मागे वळून बघितलं तर.

मी उभा राहिलो. "दिवसा मोजलं," म्हणालो.

"दिवसा म्हणजे किती वाजता?"

माझं डोकं तापलं. म्हटलं, "मॅडम, तुमचं जेवढं वय असेल तेवढी वर्षं मी विहिरींवर काढलीत. पाणी काही घड्याळ बघून खालीवर होत नाही."

चहावाला आत आला होता तो तसाच परत गेला. बाईंचा आवाज चढला नाही. त्यांनी फायलीवर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. पुढच्या बैठकीला वेळ लिहून आणा."

बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "साळवे, तुम्ही बोलत नका जाऊ हो." बाईंना खोटं पाडायचं मी तिथेच ठरवलं. पुन्हा मोजायचं, प्रत्येक विहिरीपुढे तास आणि मिनिट लिहायचं आणि कागद त्यांच्यासमोर ठेवायचा.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अंधार असतानाच मोटारसायकल काढली. ऊन वर यायच्या आत गावात पोहोचलो. डीपीपाशी, म्हणजे शेतीच्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरपाशी, सातआठ माणसं उभी होती आणि वीज कंपनीच्या नावाने बोलत होती. तिकडे लक्ष न देता मी गावाच्या विहिरीवर गेलो, खडू घासला, टेप सोडली.

आवाज लवकर आला. मला वाटलं टेप कपारीला अडकली. वर घेतली, खडू पुसला, पुन्हा लावला, पुन्हा सोडली. सहा मीटर वीस. फेब्रुवारीत इथेच तेरा होते. उन्हाळा दोन महिने पुढे सरकला होता, म्हणजे पाणी आणखी खाली जायला हवं होतं. ते सात मीटर वर आलं होतं.

मागून एक म्हातारी बाई शेळ्या घेऊन आली. पुढे तिचं नाव कळलं, कौसाबाई. पूर्वी ऊसतोडीला जायची, गुडघे गेल्यापासून गावात राहते. माझं दोनदा मोजणं ती बघत होती.

"काय घावंना का?" तिने विचारलं.

"पाणी वर आलंय मावशी. मागं तेरा मीटर होतं."

"मीटर मला न्हाई कळत. परसात सांगा."

परस म्हणजे माणसाच्या उंचीएवढं. मी हिशेब करून सांगितलं, मागच्या वेळी आठ परस, आता चार.

"मग बरुबर हाय की," ती म्हणाली. "ह्या पान्याची जागाच चार परसाला हाय. मोटारी बंद ठेवल्या की तितंच येऊन बसतंय. तुमी मागं आलते त्या हप्त्यात दिवसाची लाईट हुती. समदे कांद्याला पानी देत हुते, चारी मोटारी सकाळधरनं चालू. आन् गावाच्या टाकीची मोटारबी. पानी बुडाला जानार न्हाई तर काय!"

"आणि आता?"

"आता डीपी जळालीया. आज पाचवा दिस. जनावरांचा घास वाळून चाललाय लोकांचा. ते बगा तितं शिव्या घालत्यात." मग हसून म्हणाली, "हिरीला इसावा भेटला, मानसाला न्हाई."

मी उरलेल्या चार विहिरी मोजल्या. प्रत्येक आकड्यापुढे वेळ लिहिली. पाणी सहा मीटरवर, साडेसहावर, सहावर, सातवर. पाणी घड्याळ बघूनच खालीवर होत होतं. फक्त ते घड्याळ विजेच्या पाळीचं होतं.

खरं म्हणजे मला हे माहीत होतं. कार्यालयात लागलो त्या पहिल्या आठवड्यात, ज्यांच्या शर्टावर पुढे शाई सांडली त्याच साहेबांनी शिकवलं होतं, विहिरीला विश्रांती मिळाल्याशिवाय टेप सोडायची नाही, पंप बंद होऊन किती वेळ झाला ते आधी विचारायचं. मी अकरा वर्षं विचारत होतो. स्वतःचा धंदा सुरू केल्यावर केव्हा विचारायचं सोडलं, ते सांगता येणार नाही. फेब्रुवारीत पाइपातून पाणी पडताना मला दिसलं होतं. कांद्याच्या वाफ्यांत पाणी चमकत होतं. मी आकडा लिहिला आणि जीपमध्ये बसलो.

आता खरा हिशेब असा. विहिरीत पाणी सहावर, म्हणजे माळावरून दहावर. बापूरावाचा खड्डा पंधरा. पाच मीटर पाण्याच्या आत. गावाची विहीर पहिल्या दोन वर्षांतच गेली असती.

गावाच्या विहिरीवर परत आलो तेव्हा कौसाबाई अजून तिथेच होती. तिला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, ही विहीर आटली तर काय करता?

"टँकर येतुया. फाट्यावर हुबा ऱ्हातो, वर चढत न्हाई. तोडीच्या दिसांत गावात हाय कोन? आमी म्हाताऱ्या आन् पोरं. हंडा घिऊन फाट्यावरनं कोन येनार?" मग तिने माझ्या पिशवीकडे बोट केलं. "तुमी खानीचं का?"

"खाणीची फाईल करतो."

"मग त्या दरडीकडं बगितलं का?"

नाही म्हणावं लागलं. ती शेळ्या घेऊन पुढे आणि मी मागे, असे उत्तरेच्या कोपऱ्यात गेलो. ओढ्याच्या दरडीत करवंदीच्या जाळीखाली एक बीळ होतं. बिळाच्या तोंडाशी माती तुडवलेली, हाडं, आणि केस मिसळलेली वाळलेली विष्ठा.

"लांडगीन ऱ्हाती," कौसाबाई म्हणाली. "गाव तोडीला गेलं की तिला मोकळं रान. थंडीत पिल्लं घालती. औंदा चार हुती. तुमी आलते तवा हितंच हुती की."

"तुमच्या शेळ्या?"

"दरसाल एक करडू नेती. मी धरूनच चालते. शिव्या देते, दगुड मारते. पन घालवत न्हाई. ती हाय तवर डुकरं खाली कांद्यात येत न्हाईत. एका करडात समद्या गावाची राखन व्हती." आणि मग मला दटावल्यासारखं, "लिहून नका घिऊ. फारेस्टवाले येत्याल आन् माज्या शेळ्यांना माळ बंद करत्याल."

मी म्हटलं, लिहावंच लागेल, पण बिळाचं लिहीन, शेळ्यांचं लिहिणार नाही. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "करडाचंबी लिहू नका. न्हाईतर म्हनत्याल बाई लांडगा पाळती."

पारनेरचे मोर आठवले. मी शब्द दिला आणि बिळाबद्दल लिहिताना तो पाळला. आज इथे मोडतो आहे. तिला विचारून मोडतो आहे.

परत आल्यावर डॉक्टरांना फोन केला. सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "साळवे, अहवाल सादर झालाय. आता आकडे बदलले तर आपल्या सगळ्याच अहवालांवर प्रश्न येतील. त्यांना वेळ हवीय ना? सकाळी सहा लिहून द्या."

"फेब्रुवारीच्या आकड्यांपुढे?"

"हो."

"त्या आकड्यांपुढे सकाळचे सहा मी लिहिणार नाही."

"तुमच्या नावाने कुठे लिहायचंय? सही माझी आहे."

हे वाक्य त्यांनी समजूत घालायला म्हटलं होतं. तेवढं एक वाक्य ते बोलले नसते तर मी काय केलं असतं, याची मला आजही खात्री नाही. माझ्या प्रामाणिकपणापेक्षा माझा राग जास्त भरवशाचा आहे.

पण पत्र लिहायच्या आधी बापूरावाकडे गेलो. तो माझा मालक होता, त्याच्या पाठीमागे काही करायचं नव्हतं. क्रशरवरच्या खोलीत त्याच्यासमोर दोन्ही तक्ते ठेवले आणि म्हटलं, पंधरा नाही, आठ. आणि उत्तरेचा कोपरा सोडायचा.

"आट?" बापूराव खुर्चीतून उठला. "साळवे, आट मीटरात खान व्हती का शोषखड्डा? आन् कोपरा कशापायी?"

"लांडगीण आहे."

"तिनं तुमाला वकीलपत्र दिलंय का?"

मी समजावलं. पाच मीटर पाण्यात गेलास की रोज उपसा, डिझेल, ओला सुरुंग. दुसऱ्या उन्हाळ्यात गावाची विहीर आटणार. ऊसतोडीहून गाव परत आलं की पाचशे माणसं रस्त्यात बसणार, आणि तुझे डंपर तिथेच उभे राहणार. आठ मीटरवर तुला दगड कमी मिळेल, पण मिळत राहील. तो बारावर आला. मी आठ म्हटलं. दहा म्हणाला. मी आठ म्हटलं. मग तो ओरडला, मी त्याच्याहून मोठ्याने ओरडलो. बाहेरचे कामगार दारात आले. मी तक्ते गोळा केले आणि चालू लागलो. मागे बघितलं नाही. क्रशरचा आवाज चालू होता, त्यामुळे हाक आली तरी ऐकू येईल की नाही ही धास्ती होती. पावलं मोजत होतो. नववं झालं.

"अहो साळवे! चहा तर घ्या!"

आठ मीटर आणि कोपरा सोडून. आईच्या मेथीनंतर आमच्या घराण्यातला हा सगळ्यात चांगला सौदा असावा.

पत्र मी माझ्या हाताने लिहिलं. फेब्रुवारीचं मोजमाप पंप चालू असताना झालं, ते चुकीचं आहे, मोजणारा मी आहे. खाली पाच विहिरी, नवे आकडे आणि प्रत्येकापुढे वेळ. वेगळ्या परिच्छेदात दरडीतलं बीळ, नकाशावर खूण करून. शेवटी पूर्ण नाव, पत्ता आणि सही. पाकीट घेऊन कार्यालयात गेलो तेव्हा त्या बाई जागेवर होत्या. उभ्या उभ्या पत्र वाचलं, मग मला बसायला सांगितलं. म्हणाल्या, "डीपी जळाली नसती तर कळलं नसतं, नाही?"

"तुम्ही विचारलं नसतं तर मी गेलोच नसतो," मी म्हणालो. माफी मागितली नाही. ती मागायला मला जमत नाही. आकड्यांपुढे वेळ लिहिली होती, तीच समजून घ्यायची.

नंतर त्या स्वतः गेल्या, गावाला सांगून एक दिवस पंप बंद ठेवायला लावले आणि पुन्हा मोजलं. त्यांचा आकडा माझ्यापेक्षा वीतभर खाली आला. परवानगी आठ मीटरची निघाली. उत्तरेचा कोपरा वगळला. एक अट अशीही आली की विहिरींचं पाणी मोजताना वेळ आणि पंप बंद झाल्याची वेळ, दोन्ही लिहाव्यात. परवानगीसोबतच्या अहवालावर सही अर्थातच डॉक्टरांची आहे. सहभागी तज्ज्ञांच्या पानावर नऊच नावं आहेत. शेवटच्या जोडपत्रात माझं पत्र लावलं आहे. इतक्या वर्षांच्या इतक्या फायलींत माझं नाव एकाच कागदावर आहे, आणि त्या कागदात मी चुकलो असं लिहिलं आहे.

कंपनीने त्यानंतर मला काम दिलं नाही. बापूराव देतो, आणि दर वेळी आधी विचारतो, "औंदा किती मीटर कापनार?"

एकदा बसून मी जुन्या वह्या काढल्या. तारीख, गाव, विहीर, आकडा. वेळ कुठेही नाही. त्यातल्या किती विहिरींवर त्या दिवशी मोटारी चालू होत्या, आता कळायला मार्ग नाही. प्रत्येक गावात डीपी योग्य वेळी जळत नाही. काही खाणी माझ्या आकड्यांवर उभ्या आहेत. त्यांच्या पायथ्याच्या विहिरींकडे मी अजून गेलेलो नाही. जाईन असंही इथे लिहीत नाही. लिहिलं की लोक विचारतात.

पाथर्डीच्या त्या विहिरीवर मात्र दर एप्रिलला जातो. कोणी सांगितलेलं नाही, कोणी पैसे देत नाही. बापूरावाचा खड्डा आता सहा मीटर झाला आहे आणि कोरडा आहे. या एप्रिलला गेलो तेव्हा अजून सकाळ होती. गाडी उभी केली, टेप काढली, खडू घासायला घेतला. कौसाबाई माळावर शेळ्यांत होती. तिने मला लांबून ओळखलं आणि तोंडाशी हात धरून ओरडली,

"आज लाईट हाय! उद्या या!"

मी खडू खिशात ठेवला आणि गाडी वळवली.